खिडकीत ठेवलेली प्लेट: उजेडात होणारी डीएनए दुरुस्ती स्वतः करून बघण्यासाठी

एप्रिलातली गोष्ट. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाच्या दोन पोरांनी एकाच सकाळी, एकाच ट्यूबखाली, घड्याळ लावून तेवढेच सेकंद यीस्टच्या प्लेटा अतिनील किरणांत धरल्या. दोन दिवसांनी एकाच्या प्लेटवर मोजून अकरा ठिपके. दुसऱ्याच्या प्लेटवर इतके की मोजायची सोयच नाही. "सर, माझं मेलंच न्हाई की ओ काही," तो तोंड पाडून म्हणाला. मी आधी त्याच्या पिपेटवर संशय घेतला, मग ट्यूबच्या चोकवर. शेवटी विचारलं, किरण दिल्यावर प्लेट कुठं ठेवली होती? एकानं कपाटात. दुसरा खिडकीत ठेवून चहाला गेला होता.

प्रयोग फसला नव्हता. त्या पोरानं नकळत १९४९ सालचा शोध पुन्हा लावला होता. अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बरला अल्बर्ट केल्नर नावाचा संशोधक स्ट्रेप्टोमायसेस ग्रिसियसच्या बीजाणूंवर अतिनील किरण सोडत होता. क्षयरोगावरचं स्ट्रेप्टोमायसिन ज्यापासून मिळालं, तोच हा जीव. त्याचे आकडे रोज वेगळे यायचे. त्यालाही आधी तापमानाचा संशय आला. मग लक्षात आलं की खिडकीजवळ उजेडात राहिलेले बीजाणू वाचतायत आणि अंधारातले मरतायत. त्याच वर्षी रेनाटो दुल्बेको यांना जिवाणूंवरच्या विषाणूंमध्येही हेच दिसलं.

त्यानंतर हा प्रयोग मी दर वर्षी मुद्दाम करून घेतो. लातूर, बीड, परभणीकडच्या साध्या कॉलेजात जेवढं सामान असतं तेवढ्यात तो होतो. पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी सगळं इथं लिहितोय. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच डोक्यात ठेवा: या प्रयोगात उजेड हे एक रसायन आहे. आम्ल जसं थेंब मोजून घालता तसाच उजेडही मोजून घालायचा, आणि नको तिथं त्याचा थेंबही सांडू द्यायचा नाही. बाकी चुका दुरुस्त होतात, ही होत नाही.

आधी गाठ कशी बसते ते

डीएनए म्हणजे पिळलेली शिडी, हे बारावीत होऊन गेलंय. पायरीचे दोन अर्धे भाग समोरासमोर येऊन जुळतात. आता एकाच बाजूला दोन थायमिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) वर-खाली शेजारी आहेत असं समजा. डीएनए साधारण २६० नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण सर्वांत जास्त शोषतो आणि जंतुनाशक ट्यूब २५४ चे सोडते, म्हणजे ट्यूबचा नेम जवळजवळ बरोबर लागतो. किरण पडला की ते दोन थायमिन समोरच्याशी जुळणं ढिलं करून एकमेकांनाच चिकटतात. दोघांमध्ये दोन नवे बंध तयार होतात आणि चार कार्बनचं एक चौकोनी कडं बनतं. पुस्तकात याला सायक्लोब्युटेन डायमर म्हणतात. मी वर्गात निरगाठ म्हणतो. डीएनएची नक्कल करणारं एन्झाइम तिथपर्यंत येतं आणि अडकतं. अशा गाठी फार झाल्या की पेशीचं विभाजन थांबतं आणि ती मरते.

निरगाठ बसलेली दोरी दुरुस्त करायचे दोन मार्ग. पहिला, गाठीच्या दोन्ही बाजूंना कापायचं, तो तुकडा फेकायचा आणि नवं ठिगळ लावायचं. ई. कोलाय जिवाणू असा बारा-तेरा अक्षरांचा तुकडा कापतो, माणसाची पेशी तिसाच्या आसपास. हे काम अंधारातही चालतं, पण त्याला बरीच प्रथिनं लागतात, ऊर्जा लागते, वेळ लागतो.

दुसरा मार्ग, गाठ सोडवायची. कापाकापी नाही, ठिगळ नाही. हे काम एकटं एक एन्झाइम करतं, त्याचं नाव फोटोलायेज. (शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला विकर म्हणतात, पण प्रयोगशाळेत तो शब्द कोणाच्या तोंडून मी ऐकलेला नाही.) अंधारातही फोटोलायेज गाठ शोधून तिच्यावर जाऊन बसतं आणि ती गाठ शिडीतून बाहेर वळवून आपल्या खिशात ओढून घेतं. इथपर्यंत उजेड लागत नाही. पुढं मात्र उजेडाशिवाय पान हलत नाही.

त्याच्या पोटात दोन रेणू असतात. एक एफएडी, जो रायबोफ्लेविनपासून म्हणजे बी-२ जीवनसत्त्वापासून बनतो. दुसरा, यीस्ट आणि ई. कोलायमध्ये, फोलेटचा एक प्रकार. दोन्ही बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीतलेच. फोलेटवाला रेणू सौरपंपाच्या पॅनलसारखा. जांभळा-निळा उजेड, साधारण ३५० ते ४५० नॅनोमीटरचा, तो पकडतो आणि ती ऊर्जा एफएडीकडे ढकलतो. उत्तेजित झालेला एफएडी गाठीला एक इलेक्ट्रॉन देतो. इलेक्ट्रॉन मिळताच गाठीतले दोन्ही बंध सुटतात, थायमिन मोकळे होतात आणि तो इलेक्ट्रॉन परत एफएडीकडे येतो. देणं-घेणं बरोबर. शुद्ध हातउसनं! हे सगळं सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आत आटोपतं आणि एन्झाइम पुढच्या गाठीकडे निघतं. एटीपीचा, म्हणजे पेशीच्या नेहमीच्या इंधनाचा, एक रेणूही खर्च होत नाही, सगळा खर्च उजेडाचा.

अतिनील किरणांनी आणखी एक वेगळ्या ठेवणीची गाठ बसते, तिला सहा-चार प्रकार म्हणतात. तिच्यासाठी वेगळं फोटोलायेज असतं, ते वनस्पतींत आणि बऱ्याच प्राण्यांत सापडतं. आपल्या यीस्टच्या प्रयोगात ते येत नाही, म्हणून इथंच सोडतो.

हे काम एन्झाइमचं आहे हे क्लॉड रुपर्ट यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी दाखवलं: परीक्षानळीत खराब झालेला डीएनए, त्यात पेशींचा अर्क, आणि वर उजेड. पुढं त्यांच्याच डॅलसच्या प्रयोगशाळेत तुर्कस्तानातल्या सावूर नावाच्या लहानशा गावचा एक डॉक्टर संशोधनाला आला. अझीझ संजार. त्यानं १९७६ मध्ये ई. कोलायचा फोटोलायेज जनुक वेगळा काढला. २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला टोमास लिंडाल आणि पॉल मॉड्रिच यांच्यासोबत डीएनए दुरुस्तीच्याच कामासाठी मिळालं. आमच्याकडची पोरं गावाचं नाव सांगताना आवाज बारीक करतात, म्हणून सावूरचा उल्लेख मी वर्गात न चुकता करतो.

सामान

यीस्ट बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानातलं चालतं. पण पाकिटातलं थेट वापरू नका, त्यात इतर जंतू असू शकतात. प्लेटवर रेघ ओढून एक स्वच्छ वसाहत, म्हणजे एका पेशीपासून वाढलेला ठिपका, वेगळी काढा, ती द्रवात रात्रभर वाढवा. माध्यम नेहमीचं: १ टक्का यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, २ टक्के पेप्टोन, २ टक्के डेक्स्ट्रोज, आणि घट्ट करायला २ टक्के आगर. पैशाची अडचण असेल तर पोटॅटो डेक्स्ट्रोज आगर घ्या. ऑटोक्लेव्ह नसेल तर घरचा प्रेशर कुकर घ्या, शिटी स्थिर झाल्यावर वीस मिनिटं.

अतिनील ट्यूब लॅमिनार फ्लोमध्ये, म्हणजे निर्जंतुक कामाच्या काचेच्या कपाटात, असते तीच, १५ वॅटची. तिच्यावरची धूळ आधी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा, अर्थात ट्यूब बंद करून, थंड झाल्यावर. उन्हाळ्यात आमच्याकडे रोज संध्याकाळी वावटळ येते आणि पुसल्यावर बोळा काळा निघतो. त्या धुळीनं किरण अडतात आणि गेल्या वर्षीचे सेकंद यंदा लागू पडत नाहीत.

आणि एक लाल झिरोचा बल्ब. देवघरात लावतात तोच. फोटोलायेजला लाल उजेड कळत नाही, म्हणून अंधारातलं सगळं काम त्याच्या उजेडात करता येतं. मोबाइलच्या पांढऱ्या टॉर्चमध्ये केलंत तर प्रयोग तिथंच बिघडला.

शिवाय ॲल्युमिनियम फॉइल, पाण्यानं भरलेली पसरट परात, थर्मामीटर, आणि साधी जुनी ट्यूबलाइट. जुनीच का, ते पुढं येतं.

डोळे

हे वाचल्याशिवाय पुढं जायचं नाही. २५४ चे किरण डोळ्यांच्या बुबुळावरची त्वचा भाजतात आणि त्या क्षणी काहीच कळत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, पाणी थांबत नाही. वेल्डिंगवाल्यांना विचारा. ट्यूबचा निळसर उजेड दिसायला गोड असतो, पण बघायचा नाही. पॉलिकार्बोनेटचा चष्मा, लांब बाह्या, हातमोजे. लॅमिनारची काच खाली ओढलेली असली पाहिजे. काच हे किरण अडवते, म्हणून काचेआडून काम सुरक्षित. एका वर्षी एका पोरानं "दोनच सेकंद" म्हणून काच वर करून आत डोकावलं. दुसऱ्या दिवशी तो कॉलेजला आला नाही, तिसऱ्या दिवशी गॉगल लावून आला.

पहिली फेरी: तुमचे सेकंद शोधा

रात्रभर वाढलेल्या यीस्टच्या एका मिलिलिटरात ढोबळमानानं दहा कोटी पेशी असतात. एक मिलिलिटर काढून नऊ मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात, तिथून एक मिलिलिटर पुढच्या नऊमध्ये, असं पाच नळ्यांपर्यंत जा. पाचव्या नळीत मिलिलिटरला हजार पेशी उरतात, चौथीत दहा हजार, तिसरीत एक लाख. प्रत्येक वेळी नळी नीट हलवा, कारण यीस्ट भरभर तळाला बसतं.

तिसऱ्या नळीतलं ०.१ मिलिलिटर पाच-सहा प्लेटांवर पसरा, म्हणजे प्रत्येकीवर दहा हजार पेशी. पाणी आगरात पूर्ण जिरू द्या, ओल्या थराखाली पेशी लपतात. अतिनील ट्यूब पाच-दहा मिनिटं आधी पेटवून ठेवा, गरम होईपर्यंत तिचा जोर कमी-जास्त होतो. प्रत्येक वेळी प्लेट ठेवायच्या आधी ती बंद करा, किंवा मध्ये पुठ्ठा धरा. तळावर पेन्सिलीनं खूण करा, प्लेट दर वेळी त्याच खुणेवर. खोलीत फक्त लाल बल्ब. आता पाच, दहा, वीस, चाळीस, ऐंशी सेकंद अशा वेळा द्या.

झाकण काढून, हे पुन्हा सांगतो. प्लास्टिकचं झाकण २५४ चे किरण जाऊ देत नाही. दर वर्षी एक तरी गट झाकण ठेवून किरण देतो आणि सगळ्या प्लेटांवर सारखंच पीक काढून आणतो.

किरण देऊन झालं की लाल उजेडातच झाकण लावा, फॉइलमध्ये गुंडाळा, आणि ३० अंशाला दोन दिवस. मार्चनंतर आमच्याकडे इन्क्युबेटर लागत नाही, उलट थंड कोपरा शोधावा लागतो. तिसऱ्या दिवशी बघा: शंभरातली साधारण एक पेशी जिथं वाचली, म्हणजे दहा हजारांतून शंभरेक वसाहती, ते तुमचे सेकंद. ट्यूबचं वय, अंतर, धूळ यावर ते ठरतात, त्यामुळे माझे सेकंद तुम्हाला सांगून उपयोग नाही.

मध्येच वीज गेली तर ती प्लेट बाद. राहिलेले सेकंद नंतर देऊन गोळाबेरीज करायची नाही, कारण बऱ्याच वेळानं पुन्हा पेटलेली ट्यूब थंड असते.

दुसरी फेरी: खरा प्रयोग

चार प्रकारच्या प्लेटा, प्रत्येकीच्या दोन-तीन प्रती. किरण नाही आणि अंधार. किरण नाही आणि उजेड. किरण आणि अंधार. किरण आणि उजेड. प्लेटच्या बुडावर लिहा, झाकणावर नको, झाकणं बदलतात.

किरण न दिलेल्या प्लेटांवर पाचव्या नळीतलं ०.१ मिलिलिटर, म्हणजे शंभरेक पेशी. किरण देणाऱ्या प्लेटांवर तिसरी आणि चौथी अशा दोन्ही नळ्यांतलं. उजेडातल्या प्लेटवर किती वाचतील हे आधी माहीत नसतं. तिसऱ्या नळीची प्लेट गच्च भरली तर चौथीची मोजता येते. एका प्लेटवर तीस ते तीनशे वसाहती असतील तरच तो आकडा धरा.

किरण दिल्यावर लगेच, झाकण लावून, उजेडाच्या प्लेटा उजेडात तासभर ठेवा. अंधाराच्या प्लेटा फॉइलमध्ये गुंडाळून अगदी त्यांच्या शेजारीच. कपाटात ठेवायच्या नाहीत. इथं बहुतेकांना प्रश्न पडतो, अंधारातली प्लेट उजेडात का आणायची? उत्तर आपल्या हवेत आहे. उन्हाळ्यात खिडकीतली प्लेट तासाभरात चांगली तापते. मग फरक उजेडानं पडला की गरमीनं, हे कसं सांगणार? दोघींना सारखीच ऊब मिळाली आणि फरक फक्त फॉइलचा राहिला, तरच बोलता येतं. केल्नर यांचा तापमानावरचा संशय असाच मिटवायचा. दोन्ही प्लेटा परातीतल्या पाण्यावर तरंगत ठेवा, त्यात थर्मामीटर टाका, ३५ च्या वर गेलं की थोडा बर्फ.

उजेड कुठला? उत्तरेच्या खिडकीचा, काचेआडून, उत्तम. काच सूर्यातले गाठ पाडणारे बहुतेक किरण अडवते आणि गाठ सोडवणारा निळा-जांभळा उजेड आत सोडते. काच उघडून थेट दुपारच्या उन्हात ठेवलंत तर एका हातानं सोडवायचं आणि दुसऱ्या हातानं बांधायचं असा प्रकार होतो.

पावसाळ्यात आभाळ असेल तर ट्यूबलाइट, दहा-पंधरा सेंटीमीटरवरून. जुनी ट्यूबलाइट पाऱ्याची असते आणि तिच्या उजेडात ४०५ आणि ४३६ नॅनोमीटरच्या ठळक रेषा असतात, फोटोलायेजला हव्या तशा. पांढऱ्या एलईडीचा निळा भाग ४५० च्या आसपास, म्हणजे कुंपणाच्या अगदी कडेला, आणि जांभळा जवळजवळ नसतोच. म्हणून एलईडीला जास्त वेळ द्यावा लागतो. कॉलेजनं सगळ्या ट्यूबा काढून एलईडी बसवल्या तेव्हा मी दोन जुन्या पट्ट्या भंगारात जाण्यापूर्वी उचलून आणल्या, त्या अजून चालतात.

तास झाला की सगळ्याच प्लेटा फॉइलमध्ये, आणि दोन दिवस विसरून जा.

मोजणी

समजा अंधारातल्या तिसऱ्या नळीच्या प्लेटवर ९० वसाहती आल्या. पेरल्या होत्या दहा हजार, म्हणजे ०.९ टक्के वाचल्या. उजेडातल्या चौथ्या नळीच्या प्लेटवर २४० आल्या, पेरल्या होत्या हजार, म्हणजे २४ टक्के. उजेडानं जगण्याचं प्रमाण सत्तावीसेक पट वाढवलं. पेरलेल्या पेशींचा आकडा अंदाजानं धरू नका, किरण न दिलेल्या प्लेटांच्या मोजणीवरून काढा. त्या दोन प्लेटा, अंधारातली आणि उजेडातली, सारख्या यायला हव्यात. उजेडातली कमी आली तर प्लेट तापली होती.

अंधारातल्या त्या ९० कशा वाचल्या, हा तोंडी परीक्षेतला माझा आवडता प्रश्न. काहींना मार कमी बसला असेल, पण बऱ्याच ठिगळवाल्या दुरुस्तीच्या जोरावर वाचल्या. आणि उजेडात शंभर टक्के का नाहीत? सहा-चार प्रकारच्या गाठी यीस्टच्या फोटोलायेजला सुटत नाहीत, तासात सगळ्या गाठींपर्यंत पोचणंही होत नाही.

जमलं तर पुढं

गणपतीच्या मखराला लावतात तो रंगीत जिलेटिन कागद घ्या. किरण दिलेल्या तीन प्लेटा लाल, पिवळ्या आणि निळ्या कागदाखाली ठेवा. निळ्याखाली पीक येतं, लालखाली अंधारासारखाच शुकशुकाट. पिवळ्याचं कागदाच्या दर्जावर असतं, स्वस्त कागदातून बरंच काही गळतं.

दुसरं, उजेड उशिरा द्या. किरणांनंतर लगेच, दोन तासांनी, चार तासांनी. उशीर होईल तसा उजेडाचा फायदा घटत जातो, कारण तोवर पेशीनं दुसऱ्या वाटेनं काय करायचं ते करून टाकलेलं असतं. आणि किरण देण्याच्या आधी उजेड देऊन बघा. काही होत नाही. गाठच नाही तर सोडवणार काय?

पोरं नेहमी विचारतात: मग उन्हात काम करणाऱ्या माणसाचं नुकसान ऊनच भरून काढतं का? नाही. जिवाणू, यीस्ट, ज्वारी, बेडूक, मासे, अगदी कांगारूसुद्धा फोटोलायेज बाळगून आहेत. पण नाळ असलेल्या सस्तन प्राण्यांनी, म्हणजे गाय, शेळी, उंदीर आणि आपण, ते कधीतरी गमावलं. त्याचे भाऊबंद आपल्यात आहेत, क्रिप्टोक्रोम नावाचे, पण ते शरीराचं दिवस-रात्रीचं घड्याळ सांभाळतात, डीएनएला हात लावत नाहीत. आपल्याकडे फक्त ठिगळाची दुरुस्ती. ती जन्मतः बिघडलेली असेल तर झीरोडर्मा पिग्मेंटोसम नावाचा आजार होतो आणि थोड्याशा उन्हानंही लहानपणीच त्वचेचे कर्करोग होऊ लागतात. तेव्हा मे महिन्यात खुरपायला जाताना डोक्यावरचा पदर आणि उपरणं आहे तसंच राहू द्या.

पाण्याच्या जारचा धंदा असलेल्या एका पालकांनी हा प्रयोग बघून वेगळाच प्रश्न काढला, आणि तो माझ्या यादीत नव्हता. यूव्हीनं शुद्ध केलेलं पाणी पारदर्शक जारमध्ये उन्हात ठेवलं तर? किरणांचा डोस पुरेसा असेल तर भीती नाही. ट्यूब जुनी असेल, पाणी गढूळ असेल आणि डोस काठावरचा असेल, तर ई. कोलायसारखे जिवाणू उजेडात गाठी सोडवून पुन्हा वाढू शकतात. सांडपाणी शुद्धीकरणातली ही जुनीच डोकेदुखी आहे. त्यांनी जार सावलीत हलवले आणि ट्यूबही बदलली.

मोजून झालेल्या प्लेटा कचऱ्यात टाकू नका. काचेच्या असतील तर पुन्हा कुकरमध्ये वीस मिनिटं, प्लास्टिकच्या असतील तर ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात रात्रभर. कुकर प्रयोगशाळेचाच ठेवा, त्यात परत वरण लावायचं नाही.